लहान चेंबर

"तो मोठा चेंबर बसवू नका," राधा म्हणाली.

धम्मदीपने पाना खाली ठेवला. खडकीतल्या त्याच्या वर्कशॉपमध्ये लोक इंजिनाची ताकद वाढवून घ्यायला येत. इंजिन बंद पाडून घ्यायला आलेली ही पहिलीच.

"वहिनी, ही रेसची कार शंभूची आहे. त्याला विचारलंत?"

"त्याला विचारून हे काम होणार आहे का?"

शंभू येतच होता. तो राधाच्या आधी निघाला होता, मोटरसायकलवर. राधा त्याच्यामागून निघून, रिक्षावाल्याशी भांडून, येऊन, चहा पिऊन बसली होती. ट्रॅफिक लागलं असेल, असं ती धरून चालली होती.

शंभू आणि धम्मदीप इंजिनिअरिंगला एका बाकावर होते. धम्मदीप पुढे रेसच्या गाड्यांची इंजिनं बांधू लागला. शंभूने नारायण पेठेतलं वडिलांचं लग्नपत्रिकांचं दुकान धरलं आणि काउंटरवर बसल्या बसल्या रेसर व्हायचं ठरवलं. रविवारच्या शर्यतीत पहिल्या तिघांत आला तर चेन्नईची एक टीम त्याला घेणार होती. मग दुकान बंद आणि बिऱ्हाड चेन्नईला. हे ऐकून अख्खी पेठ हसायची. त्याची बायको राधा हसत नव्हती. तिची झोप उडाली होती.

"चेंबर लहानच ठेवला तर नक्की काय होईल? मला कळेल असं सांगा."

"इंजिनाच्या बुडाशी तेलाचं भांडं असतं, तो चेंबर. पंप त्यातलं तेल उचलून वर फेकतो आणि ते झिरपत परत खाली येतं. शंभूने हौसेने डबल ताकदीचा पंप आणलाय. आता पंगत डोळ्यांसमोर आणा. वाढपी दणकट, पण आमटीचं पातेलं लहान. पानांतून आमटी वाहतेय आणि पातेल्यात नुसता पळीचा खडखडाट. तसंच हे. तेल सगळं वर, चेंबर रिकामा, पंप हवा ओढतोय. आत लोखंडावर लोखंड घासतं आणि इंजिन जॅम."

"माणसाला इजा?"

"नाही. आधी लाल दिवा लागेल, मग आवाज येईल, मग गाडी बंद. माणूस उतरून चालत येतो."

"रडेल?"

"शंभू ना? हो."

"चालेल," राधा म्हणाली. मग तिचं तिलाच ते बरं वाटलं नसावं. "म्हणजे, समजूत काढायला मी आहे."

धम्मदीप तिच्याकडे बघत राहिला. "वहिनी, तो जिंकेल असं तुम्हाला खरंच वाटतं?"

"वाटतं म्हणजे काय? जिंकणारच. उगाच आले का मी एवढ्या लांब?"

"बरं. नाही बसवत."

रिक्षात जमवलेले तिचे सगळे मुद्दे वाया गेले. स्वतःच्या हाताने बांधलेलं इंजिन मारायला कोणी इतक्या चटकन तयार होईल, असं तिला वाटलं नव्हतं.

तेवढ्यात शंभू आला. हेल्मेट काढत म्हणाला, "विद्यापीठ चौकातलं वळण आज काय कापलंय मी!"

रविवारी शहराबाहेरच्या एका जुन्या धावपट्टीवर टायर मांडून ट्रॅक केला होता. राधाने डब्यात साटोऱ्या आणल्या होत्या आणि एक वाक्य पाठ केलं होतं: 'यंत्रच ते, आपल्या हातात असतं का?' झेंडा पडला. गाड्या सुटल्या. शंभूची गाडी समोरून गेली की राधा कान देऊन आवाज ऐकायची. इंजिन खडखडत नव्हतं. घरच्या मिक्सरपेक्षा बरं चाललं होतं. दुसरा फेरा झाला, तिसरा झाला. बाकीच्या गाड्या फेरे संपवून थांबल्या, ड्रायव्हर उतरून पाणी प्यायले. शंभूची गाडी सुरळीत येतच होती. शेवटी बक्षीस समारंभाचं टेबल थोडं बाजूला सरकवून त्याला रेघ ओलांडू दिली.

राधा तडक धम्मदीपकडे गेली.

"बसवलात ना मोठा? मला हो म्हणून गुपचूप बसवलात!"

"लहानच आहे. वाकून बघा."

"मग इंजिन बंद कसं नाही पडलं?"

"इंजिन का बंद पडेल?" मागून शंभूने विचारलं. हेल्मेट त्याच्या काखेत होतं. डोळे लाल झाले होते.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. राधाने सगळं सांगून टाकलं: पंप, चेंबर, चेन्नई. सांगताना ती जमिनीकडे बघत होती. आता हा कधी आपलं तोंड बघणार नाही, असं तिला वाटलं.

सांगून झाल्यावर तिने वर पाहिलं. शंभूचा चेहरा उजळत चालला होता.

"म्हणजे गाडीत खोट होती," तो म्हणाला. "राधा! अगं, गाडीतच खोट होती! आणि मी येड्यासारखा... मला वाटलं..." त्याने तिचे दोन्ही हात धरले. तो हसत होता, रडतही होता. "सांगायचं नाही का आधी! मी म्हटलं, आपल्याला येतच नाही की काय! धम्म्या, सांग ना हिला. लहान चेंबर, म्हणून मागे पडलो. हो ना?"

राधाला चेन्नई नको होतं. पण हा चेहरा तिने लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. शंभूच्या खांद्यावरून तिने धम्मदीपला मान हलवून खुणावलं. हो म्हणा. नुसतं हो.

धम्मदीपने चिंधीला हात पुसले. आपल्या इंजिनाबद्दल तो कधी खोटं बोलत नसे.

"शंभ्या," तो म्हणाला, "चेंबर रिकामा व्हायला गाडी पळवावी लागते."