चमच्याची पाठ

गिऱ्हाइकाला वाचवलं म्हणून स्वतःचीच पाठ थोपटणाऱ्या वेबसाइटवाल्यांनो, तुम्ही फ्रान्समधल्या पोन्तार्लियेच्या सोलांजबाईंचं वाटोळं केलंत.

आब्सांत ही कडू दारू पिताना पेल्यावर आडवा ठेवून त्यावर साखर ठेवायची, तसले शंभर वर्षांपूर्वीचे जाळीदार चमचे मार्सेयचा रेमी तुमच्या वेबसाइटवर विकायचा. रोज संध्याकाळी सूप गरम होईपर्यंत बाई त्याला मेसेज करायच्या. "चमच्याची पाठ दाखव. पेल्याच्या काठाला घासून मुलामा उडालाय का, बघू दे."

तो फोटो पाठवायचा. "बाई, नवराही असाच उलटापालटा करून घेतला होतात का?"

"तसा पाहिला असता तर घेतलाच नसता."

"बरं, तिकडे बर्फ पडतोय म्हणे. सरपण आहे ना घरात?"

मग कधीतरी बाई एखादा चमचा विकत घ्यायच्या. काल तुम्ही कळवलंत, की रेमीचा माल बनावट निघाला, त्याचं खातं कायमचं बंद केलंय, आता निर्धास्त राहा.

अहो शहाण्यांनो, बाईंच्या पणजोबांच्या कॅफेतले अस्सल चमचे त्यांच्या फडताळात पडून आहेत. जाळीच्या कोऱ्या, धारदार कडा पाहून पहिल्याच फोटोत त्यांनी ओळखलं होतं, की हा माल कालपरवाचा आहे.



आज सूप गरम होऊन निवलंसुद्धा, बाहेर बर्फ पडतोय. घरात सरपण आहे का, हे बाईंना आता कोण विचारणार, तेवढं कळवा.