मुठीतला राक्षस

शाळेतून आलेला फोन ठेवल्या ठेवल्या सीमा बेडरूमच्या कपाटाकडे धावली. वरच्या कप्प्यातलं म्यान तिने खाली काढलं आणि उलटं करून झटकलं. काहीच पडलं नाही. म्यान रिकामं होतं.

मूठ तिनेच लेकीला दिली होती, ते कबूल. इलाच्या तिसरीच्या वर्गात आज कल्चर डे. श्रूजबरीतल्या त्या शाळेत देशी मुलं चार, आणि गेल्या वर्षी चौघांनी मिळून चार गणपती नेले होते. यंदा इला हटूनच बसली, मला राक्षस हवा म्हणून. आता राक्षस घरात होता, त्याला कोण काय करणार? तिचा नवरा श्रीरंग प्रोजेक्टसाठी इंडोनेशियात होता तेव्हा तिथल्या लोकांनी त्याला क्रिस भेट दिली होती, नागमोडी पात्याची कट्यार. तिची लाकडी मूठ म्हणजेच एक उकिडवा बसलेला राक्षस. डोळे वटारलेले, सुळे बाहेर. जरा पिळून ओढली की मूठ पात्यापासून सुटी होते. सीमाने ती सुटी केली, पातं म्यानात सरकवलं आणि वर शहाण्यासारखी इंग्रजीत चिठ्ठीही लिहिली: ‘ही खंजिराची मूठ आहे. यावरचा राक्षस मालकाचं रक्षण करतो.’ एवढं सविस्तर लिहायला तिला सांगितलं होतं कुणी? टीचरने ‘खंजीर’ वाचलं आणि तडक प्रिन्सिपलना बोलावलं.

सीमाने गाडी काढली. पातं इलाच्या दप्तरात निघालं तर तिला शाळेतून काढणार, हे नक्की. पलीकडच्या गावात एका मुलीला सफरचंद कापायच्या सुरीसाठी वर्षभर घरी बसवलं होतं. त्यात आज शुक्रवार. दर सोमवारी विमानाने क्लायंटकडे जाणारा श्रीरंग आज संध्याकाळी घरी येणार. त्याला काय सांगायचं, याची भीती तिला शाळेच्या भीतीपेक्षा मोठी होती.

प्रिन्सिपलबाईंच्या टेबलावर राक्षस प्लास्टिकच्या पिशवीत बसला होता. शेजारी एक पोलीस उभा होता. इला खुर्चीवर होती, तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते.

“याचं पातं कुठे आहे, मॅम?” पोलिसाने विचारलं.

“घरी. कपाटात आहे,” सीमा म्हणाली.

“इलाने वर्गात जे सांगितलं त्याने काही मुलं घाबरली,” बाई म्हणाल्या. “इला, तू आईला सांगतेस पुन्हा?”

इला इंग्रजीत बोलली. घरीसुद्धा ती इंग्रजीतच उत्तरं द्यायची. “तो कधीच झोपत नाही. त्याला असं घट्ट धरायचं. मग ज्याची आपल्याला भीती वाटते, तो आपल्याला हात लावू शकत नाही. बाबांनीच सांगितलंय.”

“आणि तुला कुणाची भीती वाटते? वर्गातल्या कुणाची?”

इलाने नाही म्हणून मान हलवली.

“दप्तर बघावं लागेल,” बाई सीमाला म्हणाल्या. “रूल आहे. आय ॲम सॉरी.”

पोलिसाने दप्तर टेबलावर रिकामं केलं. डबा, दोन वह्या, क्रेयॉन्स, लायब्ररीचं पुस्तक, एकच हातमोजा. त्याने आतून हात फिरवला, पुढचा कप्पा उघडला, मग तळाचा पुठ्ठाही उचकटून पाहिला. सीमा त्याच्या बोटांकडे बघत राहिली. दप्तरात आणखी काही नव्हतं.

बाईंचा चेहरा सैल झाला. त्यांनी एक कागद पुढे केला, असली वस्तू पुन्हा शाळेत येणार नाही असं लिहिलेला. सीमाने सही केली. राक्षसाची पिशवी त्यांनी तिला परत दिली आणि मुलीला आज घरी न्या म्हणाल्या. शाळेतून काढायचा विषयच निघाला नाही.

इलाच्या जॅकेटची चेन लावायला सीमा खाली वाकली. हळूच, मराठीत, तिने विचारलं, “इला, पातं कुठंय?”

इलाने बाईंकडे पाहिलं, पोलिसाकडे पाहिलं. आणि कधी मराठीत उत्तर न देणारी ती पोर मराठीत म्हणाली, “तुझ्या उशीच्या खाली. टॉवेलमध्ये. तू डबा भरत होती, तेव्हा ठेवला.”

“माझ्या उशीखाली? कशाला गं?”

“राक्षस मी घेतला. मग तुला पण काहीतरी पाहिजे ना, आई. आज बाबा येणार.”

सीमाचा हात चेनवरच थांबला.

“काय म्हणतेय ती?” प्रिन्सिपलबाईंनी विचारलं. पोलिसानेही कागदावरून नजर वर केली.

सीमा उभी राहिली. पिशवीवरून तिने मूठ घट्ट धरली होती.

“आज तिचे बाबा येतायत,” ती हसून म्हणाली. “शी इज सो एक्सायटेड.”