फुलवंताबाईचा कोड

कॉलेजच्या फाटकाशी फुलवंताबाई शेंगा विकायची. तिच्या गाडीवरच्या पैसे भरायच्या क्यूआर कोडवर कॉलेजातल्याच भाग्येशनं गुपचूप स्वतःचा कोड चिकटवला. पोरं स्कॅन करायची, पैसे या दिवट्याच्या खात्यात पडायचे. पैसे आल्याचं सांगणारा तिचा डबा मुकाच. बाई तो कानाशी धरून हलवायची. परवा ती गाडीशी बसल्या बसल्याच गेली.

आज शहाद्याच्या बसस्टँडवर वर्गातल्या भरतनं भाग्येशचा फोटो काढायला मोबाइल धरला, तर पैसे भरायचा स्क्रीन उघडला. वर नाव फुलवंताबाईचं.

“आरे, तुन्हा तोंडले मोबाइल कोड समजस!”

भाग्येशनं रुमालानं तोंड खसाखसा पुसलं. सोबतच्या रिनाच्या मोबाइलवरही तेच नाव.

भरतनं हसत एक रुपया टाकला.

भाग्येशच्या घशातून बाईचा आवाज आला, “एक रुपया जमा, भाऊ. आते आखा कॉलेजले बलाव.”