सांध्याच्या पोटातलं

तुम्ही धादांत खोटं लिहिलंत, कचेरीतल्या साहेबांनो. देवळाच्या दारातल्या फलकावर, सोनेरी अक्षरांत: ‘हा पाचमजली मनोरा सरदारांनी बांधला.’ सरदारांनी! त्या माणसानं जन्मात कधी पटाशी तरी हातात धरली होती का?

हात्सुए सुतारीण हे कचेरीतल्या कुरामोची साहेबांच्या तोंडावर बोलली होती. मनोऱ्याची दुरुस्ती तिच्याच हाती होती. “बांधणाऱ्यांची नावं घाला,” ती म्हणाली. साहेब हसले. “तीनशे वर्षांपूर्वीच्या सुतारांची? पुरावा आणा, घालतो.”

पुरावा असलाच तर सांध्यांच्या पोटात. तुळईची कूस, म्हणजे टोकाची निमुळती जीभ, खाचेत ठोकण्याआधी जुने सुतार तिच्यावर शाईनं लिहून ठेवत. पुन्हा उघडेल तो सुतारच, ही खात्री. हात्सुएनं वरचे चार मजले उतरवले. सगळे सांधे कोरे. खालच्या मजल्यावर एकच उरला होता, आणि तो दोन दिवस लाकडी मोगरीच्या घावांना दाद देत नव्हता.

तिसऱ्या दिवशी लोकांना काम बघायला बोलावलं होतं. पिवळ्या टोप्या घातलेली चाळीसेक माणसं परांचीवर दाटीवाटीनं उभी होती.

“करवत लावा,” साहेब म्हणाले. “सांधा ढिला झालाय. माझ्या अहवालात तसंच आहे.”

कापला असता तर आतलं लिखाणही चिरलं गेलं असतं.

“ढिला आहे, तर निघत का नाही?”

“बाई, वाद नको. दुपारपर्यंत निघाला तर ठीक, नाहीतर करवत.”

हात्सुएनं मोगरी हाणली. ढिम्म. गर्दीत एक म्हातारी भाताचा मुटका खात होती. ती ओरडली, “अगं पोरी, कमरेतून मार! जेवली नाहीस का सकाळी?”

हशा पिकला. पुढच्या घावाला चाळीस गळ्यांतून जोर लावायची एकच आरोळी उठली, “योइशो!” मग प्रत्येक घावाला. साहेबांचा कारकूनसुद्धा भान विसरून ओरडायला लागला. ऊन डोक्यावर आलं, तुळई करकरली आणि कूस बाहेर आली. लाकूड पिवळंधमक, कालच तासल्यासारखं. त्यावर काळीभोर शाई.

हात्सुएनं मोठ्यानं वाचलं: “कान्सुके, क्यूबेई, योहेई. आम्ही तिघांनी बांधला. आज सरदार आले होते. शिडी बघूनच घाबरले. चहा पिऊन परत गेले.”

परांची हसण्यानं हादरली. हात्सुएनं हसता हसता डोळे पुसले. ती बाजूला सरकली.

“शेवटची ओळ तुम्ही वाचा, साहेब.”

साहेब वाकले. आवाज बारीक झाला. “हा सांधा उघडणाऱ्या दादा, खरं सांग. ढिला झाला होता का?”

हाताला चिकटलेली शितं चाटून म्हातारी ओरडली,

“बोला की साहेब! तीनशे वर्षं वाट बघतायत बिचारे. झाला होता का ढिला?”