एक तरी तक्रार

मिस्त्रींच्या अंत्यविधीला शहरातून आलेले धर्मगुरू त्यांना पुन्हा एकदा 'शांतीचा सागर' म्हणाले, तेव्हा पहिल्या बाकावर बसलेल्या मिस्त्रींच्या मुलीला राहवेना. ती आईच्या कानाशी लागली.

"आई, हे कुणाबद्दल बोलताहेत?"

"गप्प बस. चांगलं बोलताहेत."

चांगलंच बोलत होते, अडचण तीच होती. मिस्त्री आठवडाभर रस्त्याकडेच्या पत्र्याच्या गॅरेजात ट्रॅक्टर, ट्रक आणि पाण्याचे पंप दुरुस्त करायचे आणि रविवारी नखांतल्या काळ्या ग्रीससकट या प्रार्थनाघरात प्रवचनाला उभे राहायचे. धर्माचं रीतसर शिक्षण नव्हतं, प्रवचनाची पैही मिळत नव्हती. आवाज मात्र असा, की मागच्या बाकावर डुलकी काढणं कुणाला कधी जमलं नाही. शांतीशी त्यांची लांबची ओळखही नव्हती.

गावात कुणी गेलं की निरोपाचे चार शब्द मिस्त्रीच बोलायचे, आणि त्यांचा एक नियम होता. गेलेल्याबद्दल प्रत्येकानं एक तरी तक्रार सांगायची. घरच्यांनी सगळ्यांत शेवटी. "नुसती स्तुती काय, अनोळखी माणसाचीही करता येते," ते म्हणायचे. "ज्याच्याबद्दल एकही तक्रार नाही, त्याला तुम्ही ओळखतच नव्हता." सुरुवातीला लोक बिचकले, मग सरावले. रडता रडता हसू फुटायचं आणि गेलेला माणूस घटकाभर सगळ्यांत येऊन बसायचा.

धर्मगुरूंचं बोलून झालं. "आणखी कुणाला काही सांगायचंय?" त्यांनी विचारलं.

कुणी उठेना. प्रार्थनाघर खचाखच भरलं होतं, दाराबाहेरही माणसं उभी होती. पण एवढ्या मोठ्या पाहुण्यासमोर, त्या पांढऱ्याशुभ्र झग्यासमोर, मिस्त्रींची तक्रार काढायची कुणाची छाती होईना. मुलीला ते बघवेना. बाबांनी या गावातून गेलेल्या एकूण एक माणसाला ओळखीचा म्हणून निरोप दिला होता, आणि त्यांनाच गाव परक्यासारखं वाटेला लावणार होतं. तिला स्वतःला उठता येत नव्हतं, घरच्यांची पाळी शेवटी. तिनं मागे वळून एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली होत्या.

तेवढ्यात दाराजवळून बसचा ड्रायव्हर पुढे सरकला. देवाधर्माच्या वाटेला कधी न जाणारा माणूस, आज आला होता हेच खूप होतं.

"माझी तक्रार आहे," तो म्हणाला.

धर्मगुरू चपापले. मुलगी सरसावून बसली.

"रविवारची सकाळ होती, गाडी भरलेली, ब्रेक नीट लागेनात. मी म्हटलं, मिस्त्री, आजच्यापुरतं काहीतरी जमवून दे. त्यानं काय करावं? किल्ली काढून खिशात टाकली! सामान आणायला माणूस धाडलाय म्हणाला, आणि तडक इथं येऊन प्रवचन सुरू. किल्लीपायी मला ते अख्खं ऐकावं लागलं. माझ्या सगळ्या प्रवाशांनाही."

"आणि ब्रेक?" कुणीतरी विचारलं.

"ब्रेक झकास केले. पण तक्रार आहे म्हणजे आहेच. माणसानं विचारून तरी घ्यावी की नाही किल्ली?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळ्यांचीच भीड चेपली. गिरणीवाली म्हणाली, मोटर दुरुस्त करायला बोलावलं तर हा बाबा माझं सासूशी असलेलं भांडण मिटवत बसला. "मोटर दुपारपर्यंत झाली. सासू अजून माझ्याकडेच आहे!" शाळेतल्या बाई म्हणाल्या, प्रवचनात 'आळस' म्हणताना त्यांचं बोट दर वेळी माझ्याकडेच का जायचं, ते मला कळलेलं नाही. शेजाऱ्याची तक्रार गाण्याची होती. प्रार्थना बेसूर म्हणायचे, एवढ्यावर भागलं असतं, पण सगळ्यांपेक्षा वरच्या आवाजात म्हणायचे.

धर्मगुरू इतका वेळ अवघडून उभे होते. आता त्यांनी चष्मा काढून पुसला.

"माझीही एक आहे," ते हळूच म्हणाले. "मी क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतो, म्हणून त्यांनी मला चारचौघांत झापलं होतं. ह्याच झग्यात."

यावर जे हसू उसळलं, ते दाराबाहेरच्या माणसांपर्यंत गेलं. मुलीच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसायचं भान तिला नव्हतं. इतका लुडबुड्या, इतका तोंडाळ, इतका बेसूर बाप उभ्या मुलखात दुसऱ्या कुणाला मिळाला नसेल, या अभिमानानं तिचा ऊर भरून आला. ती उठली.

"गॅरेजात गिऱ्हाइकानं काही विचारलं की म्हणायचे, 'आमच्या बाईसाहेबांना विचारा, त्यांना सगळं येतं.' मला काही म्हणजे काही यायचं नाही. मग काय करते, शिकावं लागलं."

उरली आई. ती बाकाला धरून सावकाश उठली, पदर सारखा केला.

"सगळ्यांच्या तक्रारी खऱ्या आहेत," ती म्हणाली. "माझी एकच. गावातल्या सगळ्या गाड्या ह्यांच्या हाताखालून गेल्या. पोरीला इंजिन खोलायला शिकवलं. मी आपली वर्षानुवर्षं मागे लागले होते, मलाही गाडी चालवायला शिकवा. दर वेळी हसण्यावारी न्यायचे. म्हणायचे, 'तुला कशाला हवं? मी आहे ना.'"

मग खाली बसता बसता ती म्हणाली,

"जन्मात तेवढं एकच खोटं बोलले."