फुलवंतीची पुसणी

फुलवंतीची माय चार महिनेही काढणार नाही, हे सगळ्यांत आधी ऐकलं ते फुलवंतीनेच. पण तसं काही घडलेलं नाही. निदान फुलवंतीला विचाराल तर नाहीच.

दुभाषी प्रशिक्षण केंद्राची शेवटची परीक्षा खऱ्या पेशंटवर होई, आणि कोरकू बोलणारी पेशंट त्या दिवशी दवाखान्यात एकच होती.

"स्वतःची आई चालेल?" फुलवंतीने विचारलं.

"न चालायला काय झालं?" परीक्षक दाबके बाई म्हणाल्या. "पुसणी लावली की आई काय नि शेजारीण काय!"

पुसणी म्हणजे कपाळावरची पट्टी. काम संपलं की ऐकलेलं सगळं ती दुभाष्याच्या डोक्यातून पुसून टाकी. पेशंटची गुपितं सुरक्षित.

डॉक्टर मराठीत बोलले, फुलवंतीने ते मायला कोरकूत सांगितलं. माय हळू आवाजात बोलली. दुभाष्याने पेशंटच्या जागी 'मी' म्हणूनच बोलायचं, असा नियम. फुलवंतीने तो पाळला.

"डॉक्टरसाहेब, माझ्या पोरीला यातलं काही कळू देऊ नका."

"नाही कळू देणार," डॉक्टर म्हणाले. पट्टी वाजली.

"माय, काय म्हणाले गं डॉक्टर?"

"पित्त झालंय म्हणे. चल, भूक लागली."

निकाल लागला, शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. फुलवंतीने त्याच दिवशी केंद्राला अर्ज दिला: "डोळ्यांत पाणी आणल्याबद्दल माझे दोन गुण कापण्यात आले आहेत. तरी सदर परीक्षेत मी का रडले, हे मला लेखी कळवावे, ही नम्र विनंती."