दुसऱ्या हाताची सवय

तोडलेल्या झाडाच्या ढोलीत सापडलेलं पोपटाचं पिल्लू निवृत्त नर्सबाईंनी घरी आणलं आणि दर तीन तासांनी सिरिंजने भरवून जगवलं. महिन्याभरात त्याला हिरवी पिसं फुटली. "सिस्टर, कमाल केलीत," जनावरांचे डॉक्टर म्हणाले. "आता हा आरामात तीस वर्षं काढेल."

एकाहत्तर वर्षांच्या बाई पिल्लाला घेऊन घरी आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सिरिंज सुनेच्या हातात दिली. "आजपासून तू भरव. त्याला तुझी सवय लागू दे."

पिल्लू सुनेपुढे चोच उघडेना. सकाळ गेली, दुपारही गेली. बाई शेजारच्या खोलीत त्याचं ओरडणं ऐकत बसून राहिल्या. संध्याकाळी तो आवाजही बारीक झाला, तेव्हा सून रडकुंडीला आली. "आई, हट्ट सोडा. मरेल तो. तुम्हीच भरवा ना."

"मी पुरणार आहे का गं त्याला?"

बाई उठल्या. अंगातला स्वेटर काढून त्यांनी सुनेला चढवला आणि बाह्या पार मनगटापर्यंत ओढल्या. "जा आता. बोलू मात्र नकोस."

पिल्लाने बाहीवर चोच घासली, मान वर केली आणि ते घटाघटा प्यायला लागलं. सुनेने हरखून मागे वळून पाहिलं. बाई दाराआड उभ्या होत्या. हुंदका ऐकून पिल्लू आपल्याकडे वळेल, म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं होतं.